आधी खोदकाम थांबवा

गेल्या शुक्रवारी ऑफिसात एक ट्रेनिंग झालं. विषय होता, 'प्रोजेक्ट टीमसाठी योग्य नेतृत्वशैली कशी निवडावी'. चहा, बिस्किटं, प्रोजेक्टर, आणि शेवटी वीस प्रश्नांचा एक फॉर्म. फॉर्म भरला की तुमची शैली कळते म्हणे. मी 'लोकशाहीवादी' निघालो. शेजारचा 'हुकूमशहा' निघाला, आणि हा प्राणी बायकोला फोन केल्याशिवाय लंचला पनीर घ्यायचं का डाळ हेसुद्धा ठरवत नाही. असो.

हे हुकूमशाही, लोकशाही आणि 'चाललंय ते चालू द्या' असे तीन कप्पे पाडले कर्ट लेविन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी, १९३९ साली. त्यांनी ज्यांच्यावर प्रयोग केले ती होती दहा-अकरा वर्षांची अमेरिकन मुलं. शाळा सुटल्यावर क्लबात जमून मुखवटे बनवायची. प्रयोग उत्तमच होता, पण तिथे ना क्लायंट होता, ना डेडलाइन, ना आधीच्या टीमने करून ठेवलेला घोळ. आमच्याकडे हे तिन्ही आहेत. मला दोन महिन्यांपूर्वी ज्या प्रोजेक्टचं लीड केलं, त्यात आठवड्यातून तीनदा बिल्ड फुटतो, एक बग मारला की दोन उगवतात, आणि तरीही दर सोमवारच्या कॉलवर "या आठवड्यात नवीन काय दाखवणार?" हाच पहिला प्रश्न असतो. माझ्या मनात वेगळंच काहीतरी होतं, पण ते वरच्यांना सांगायची हिंमत होत नव्हती. ट्रेनिंगमधून ती काही मिळाली नाही. मिळाली शनिवार-रविवारी, पनामा कालव्याचा इतिहास वाचताना.

का पनामा? कारण एकच काम, एकच जागा, आणि दहा वर्षांत एकामागून एक तीन वेगवेगळ्या स्वभावांचे चीफ इंजिनीयर. असा नमुना इतिहासात सहसा मिळत नाही.

थोडी पार्श्वभूमी. अटलांटिक आणि पॅसिफिक हे महासागर जोडायचा पहिला मोठा प्रयत्न फ्रेंचांनी १८८१ साली केला. पुढारी होते सुएझवाले फर्डिनांड द लेसेप्स. सुएझ १८६९ साली पूर्ण झाला होता, मग इथेही तसाच सरळ, समुद्रसपाटीवरचा कालवा खणू असं त्यांनी ठरवलं. मागच्या प्रोजेक्टचं डिझाइन कॉपी-पेस्ट! पण सुएझला वाळू होती, पनामात डोंगर, चिखल, धो धो पाऊस आणि डास. १८८९ साली कंपनी बुडाली, तोपर्यंत २०,००० च्या आसपास माणसं मेली असावीत असा अंदाज आहे. मग ४ मे १९०४ ला अमेरिकेने ते अर्धवट खड्डे, गंजलेली यंत्रं आणि दवाखाने ताब्यात घेतले.

अमेरिकेचा पहिला चीफ इंजिनीयर जॉन वॉलेस. रेल्वेतला अनुभवी माणूस, पगार वर्षाला २५,००० डॉलर. माणूस नालायक होता असं मला वाटत नाही. त्याच्यावर दोन संकटं होती. एक म्हणजे वॉशिंग्टनमध्ये बसलेलं सात जणांचं कमिशन. प्रत्येक खरेदी त्यांच्या टेबलावरून जायची. लाकडी फळी दहा फुटांपेक्षा लांब कापायची तर सुताराला सहीचा कागद लागायचा. (आपल्याकडे एक माउस बदलून हवा असेल तर काय काय करावं लागतं ते आठवा.) दुसरं संकट म्हणजे वर्तमानपत्रं. अमेरिकेत सगळ्यांना एकच बघायचं होतं, पनामात माती उडतेय की नाही. वॉलेसला आधी नीट तयारी करायची होती, पण त्याने दबावाखाली खोदायला सुरुवात केली. थोडी जुनी फ्रेंच यंत्रं, थोडी नवीन स्टीम शॉव्हेल्स, रोज इतके घनयार्ड माती काढली असा तारेने रिपोर्ट. म्हणजे आमचा सोमवारचा कॉलच की हो!

आणि राहायला घरं नाहीत, धड खाणं नाही, पाणी पिंपातलं. १९०५ च्या वसंतात पीतज्वर पसरला. डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी हाच रोग हवानात डास मारून संपवला होता, पण कमिशनला हे डासांचं प्रकरण खुळचटपणा वाटायचं. बोटी भरभरून अमेरिकन माणसं परत निघाली. तीन-चतुर्थांश गोरा स्टाफ पळाला असं म्हणतात. वॉलेस आधीच घाबरलेला. येताना स्वतःसाठी आणि बायकोसाठी शवपेट्या घेऊन आला होता, असं सांगितलं जातं. आता टीमला हे कळल्यावर टीमने काय समजायचं? जून १९०५ मध्ये दुसरीकडे बरी नोकरी मिळतेय म्हणून तो न्यूयॉर्कला आला, आणि युद्धमंत्री टाफ्टनी तिथल्या तिथे राजीनामा घेतला.

आता येतो माझा आवडता माणूस. जॉन स्टीव्हन्स. वय ५२, इंजिनीयरिंगचं बरंचसं शिक्षण कामावरच झालेलं, तोंडात कायम सिगार. अमेरिकेच्या वायव्येला जेम्स हिलच्या रेल्वेसाठी रॉकी पर्वतातली मारायस खिंड १८८९ च्या डिसेंबरात त्यानेच शोधून नोंदवली होती. बर्फात, एकटा. रात्री झोपलो तर गोठून मरू म्हणून पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालत राहिला. पनामाला जायला तो फारसा राजी नव्हता. प्रेसिडेंट रूझवेल्टना त्याने आधीच सांगून ठेवलं की कामात कोणी लुडबुड करायची नाही, आणि काम यशस्वी होणार किंवा होणारच नाही, यातलं एक पक्कं होईपर्यंतच मी थांबेन. ही दुसरी अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जुलै १९०५ च्या शेवटी तो पनामात उतरला. पहिले काही दिवस त्याने काय केलं? चिखलातून पायी फिरला. कुलेब्रा खिंडीत, म्हणजे जिथे डोंगर कापायचा होता तिथे, बघितलं तर शॉव्हेल्स उभी आणि माणसं बसलेली, कारण माती भरून न्यायला गाड्याच नव्हत्या. कोणीतरी त्याला अभिमानाने सांगितलं की निदान रेल्वेवर टक्कर तरी झालेली नाही. त्यावर त्याचं उत्तर साधारण असं होतं, की टक्कर झाली असती तर निदान काहीतरी हलतंय हे तरी कळलं असतं.

आणि मग १ ऑगस्टला त्याने हुकूम काढला: कुलेब्रातलं खोदकाम बंद.

जरा विचार करा. सगळा देश माती उडायची वाट बघतोय. आधीचा चीफ पळालाय. अध्यक्षाने जातीने पाठवलंय. आणि हा नवा माणूस आल्या आल्या आठवड्याभरात जे थोडंफार दिसत होतं तेही बंद करतो! शॉव्हेल चालवणाऱ्यांना परत घरी पाठवलं, तयारी झाल्यावर बोलावतो म्हणाला.

मग पुढचे महिने घरं, भोजनगृहं, बेकरी, शीतगृह, पिण्याचं पाणी, गटारं. पनामा आणि कोलोन शहरांतले रस्ते. गॉर्गसला तर त्याने तिजोरीच उघडून दिली. सुमारे ४,००० माणसं डासांच्या मागे लागली. घराघरात गंधकाची धुरी, साचलेल्या पाण्यावर रॉकेल, खिडक्यांना जाळ्या. पनामा शहरात पीतज्वराचा शेवटचा बळी गेला ११ नोव्हेंबर १९०५ ला. 'बंद' केल्यापासून साडेतीन महिने सुद्धा झाले नव्हते.

स्टीव्हन्सला स्वतःला डासांच्या थिअरीबद्दल कितपत खात्री होती कोण जाणे. पण ज्याला त्यातलं कळतं त्याला हवं ते द्यायचं आणि मध्ये यायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. लोकांसमोर मात्र तो एकदम कडक. पनामात तीन रोग आहेत, पीतज्वर, मलेरिया आणि पाय लटपटणे, आणि तिसरा सर्वांत वाईट, असं तो बोलून दाखवायचा. ऑफिस त्याने शहरातून उचलून कुलेब्राच्या डोंगरावर नेलं.

आता सांगा, ही कुठली शैली? फॉर्ममध्ये कुठे टिक करायची? खोदकाम बंद करताना त्याने कोणाचं मत घेतलं नाही, म्हणजे हुकूमशहा. गॉर्गसला मोकळं रान, म्हणजे 'चालू द्या'. आणि चिखलात उभं राहून गँगमनशी गप्पा, म्हणजे काय, लोकशाही?

त्याचं खरं डोकं दिसतं ते पुढे. तो रेल्वेवाला होता, त्यामुळे सगळ्यांना जे खोदायचं काम वाटत होतं ते त्याला वाहतुकीचं काम वाटलं. माती खणणं सोपं आहे, ती उचलून टाकायची कुठे आणि किती वेळात हा खरा प्रश्न. म्हणून पनामाची जुनी रेल्वे त्याने डबल ट्रॅक केली, जड रूळ टाकले, आणि खिंडीत पायऱ्या पायऱ्यांनी रूळ असे आखले की भरलेली गाडी उताराने बाहेर जाईल आणि रिकामी चढाने आत येईल. शॉव्हेल एक मिनिट रिकामं थांबता कामा नये. रूळ सारखे सरकवावे लागायचे, तर त्यासाठी त्याच्याच एका अधिकाऱ्याने क्रेनसारखं एक यंत्र बनवलं. आजच्या भाषेत म्हणायचं तर त्याने आधी पाइपलाइन बांधली आणि मग कोड लिहायला घेतला.

आणखी एक मोठं काम. १९०६ च्या सुरुवातीला तज्ज्ञांच्या मंडळाने ८ विरुद्ध ५ मतांनी पुन्हा समुद्रसपाटीच्या कालव्याची शिफारस केली होती. लेसेप्सचंच डिझाइन! स्टीव्हन्सने चाग्रेस नदीचा पूर डोळ्यांनी बघितला होता. त्याने वॉशिंग्टनला जाऊन साक्ष दिली की नदी अडवा, तलाव करा आणि बोटी लॉकमधून, म्हणजे पाण्याच्या जिन्याने, चढवा-उतरवा. जून १९०६ मध्ये सिनेटने लॉकचा कालवा मंजूर केला, ३६ विरुद्ध ३१. तीन मतं इकडची तिकडे झाली असती तर कालवा झाला असता का, शंकाच आहे.

नोव्हेंबरात रूझवेल्ट स्वतः पनामाला आले. पदावर असताना देशाबाहेर गेलेले ते पहिले अमेरिकन अध्यक्ष. भर पावसात ९५ टनी ब्युसायरस शॉव्हेलवर चढून बसले, फोटो निघाले, सगळे खूश.

आणि ३० जानेवारी १९०७ ला स्टीव्हन्सने सहा पानी पत्र लिहिलं. थकलोय, ह्या कालव्याचं मला काही अप्रूप नाही, सोडायचा विचार आहे, अशा सुराचं. रूझवेल्ट भडकले आणि लगेच दुसरा माणूस नेमला. कामगारांनी हजारो सह्यांचा अर्ज केला, पण उपयोग झाला नाही.

का गेला, यावर आजही लोक तर्क करतात. मला विचाराल तर त्याने पहिल्या भेटीतच सांगून ठेवलं होतं! काम होणार हे पक्कं झालं. आता उरलं होतं ते सात वर्षांचं काँक्रीट, धरण, लोखंडी दरवाजे. हे त्याचं क्षेत्र नव्हतं, आणि आवडही नव्हती. आपल्याकडे असे लोक बघितले असतील तुम्ही. शून्यातून सिस्टिम उभी करतात आणि मेंटेनन्स आला की चेहरा उतरतो. अशा माणसाला आपण 'टिकत नाही' म्हणून नावं ठेवतो. जाताना त्याने जरा गोडीत जायला हवं होतं एवढं मात्र खरं.

दोन चीफ सोडून गेल्यावर रूझवेल्टनी असा माणूस निवडला जो राजीनामा देऊच शकणार नाही. लष्करातला! मेजर जॉर्ज गोथल्स, वय ४८, लॉक आणि धरणांचा जाणकार. मार्च १९०७ मध्ये स्वागताच्या जेवणाला स्टीव्हन्सचं नाव निघालं की टाळ्या, ह्याचं निघालं की शांतता. आता परेड आणि सलाम सुरू होणार अशी लोकांना धास्ती. गोथल्स उठून बोलला की तुमच्यात लष्करी शिस्त आणणार नाही, आपला शत्रू म्हणजे कुलेब्राची खिंड, लॉक आणि धरणं. आणि पनामात त्याने गणवेश घातलाच नाही. पांढरा सूट.

पण मऊ समजू नका. शॉव्हेल चालवणारे म्हणजे तिथले राजे. त्यांनी त्याच वर्षी पगारवाढीसाठी संप केला. गोथल्सने साफ नाही म्हटलं, यंत्रं रिकामी राहू दिली, नवीन माणसं आणली. १९०८ च्या जानेवारीत रूझवेल्टनी त्याला जवळजवळ राजाचे अधिकार दिले. पण याच हुकूमशहाने एक रिवाज पाडला तो मला फार आवडतो. दर रविवारी सकाळी ऑफिसचं दार उघडं. कोणीही यायचं. फोरमन शिव्या देतो, घर गळतं, नवरा पैसे उडवतो, काहीही. ऐकायचं, निकाल तिथेच, आणि तो शेवटचा.

त्याने अजून दोन गोष्टी केल्या. खोदकाम, लॉक अशी कामानुसार खाती मोडून जागेनुसार तीन विभाग केले. अटलांटिक बाजू लष्करी इंजिनीयर सायबर्टकडे, पॅसिफिक बाजू सिव्हिलियन विल्यमसनकडे, मुद्दाम. काँक्रीट कोण लवकर आणि स्वस्तात ओततो ते बघू! मधली खिंड गेलार्डकडे. आणि सप्टेंबर १९०७ पासून एक साप्ताहिक काढलं, त्यात कुठल्या शॉव्हेलने किती माती काढली ते आकडे छापून यायचे. खिंडीत लोक आधी तेच पान उघडायचे. वॉलेसही आकडेच पाठवत होता, पण ते वॉशिंग्टनला खूश करायला. हे आकडे माणसं एकमेकांसाठी वाचत होती.

गॉर्गसशी मात्र त्याचं जमलं नाही. एकेक डास मारायला दहा डॉलर पडतात असं गोथल्स म्हणाला, आणि त्यातलाच एखादा दहा डॉलरवाला तुम्हाला चावला तर, असं गॉर्गसने विचारलं, असा किस्सा आहे. डोंगर तर सारखा खाली यायचा. वर्षभराचं काम एका रात्रीत बुजायचं. पुन्हा उपसायचं. १५ ऑगस्ट १९१४ ला 'अँकन' नावाची बोट कालव्यातून गेली. एकूण खर्च सुमारे ३५.२ कोटी डॉलर, १९०७ च्या अंदाजापेक्षा कमी! (सरकारी प्रोजेक्ट, हो.) युरोपात महायुद्ध पेटल्यामुळे बातमी आतल्या पानात गेली. स्टीव्हन्सने पाया घातला होता हे श्रेय गोथल्सने त्याला नंतर उघडपणे दिलं.

रविवारी दुपारपर्यंत मी इथवर आलो होतो आणि सोमवारचं भाषण मनात तयार होतं. पण मग मृत्यूंच्या आकड्यांचं पान आलं.

अमेरिकन काळात दवाखान्याच्या नोंदीप्रमाणे ५,६०९ माणसं आजार आणि अपघातांनी गेली. त्यातले साधारण ४,५०० वेस्ट इंडीजचे काळे मजूर. एकट्या बार्बाडोसहून २०,००० च्या जवळपास आणले होते, तासाला दहा सेंट. कालव्यावर दोन यादी होत्या. 'गोल्ड रोल' म्हणजे गोरे अमेरिकन, 'सिल्व्हर रोल' म्हणजे जवळजवळ बाकी सगळे. पगार सोन्याच्या डॉलरमध्ये की चांदीच्या नाण्यात, यावरून ही नावं. पोस्टात वेगळी खिडकी, दुकानात वेगळा काउंटर. स्टीव्हन्सने बांधलेली ती जाळीची घरं प्रामुख्याने गोल्डवाल्यांची. सिल्व्हरवाले बराकीत, नाहीतर जंगलात स्वतः ठोकलेल्या खोपटात. १९०६ मध्ये, स्टीव्हन्सच्याच भरात, काळ्यांचा मृत्युदर गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त होता. पीतज्वर गेला, पण न्यूमोनिया त्यांना मारत होता.

म्हणजे माझा हिरो पाइपलाइन बघत होता, आणि ती पाइपलाइन ज्यांच्या अंगावरून जात होती ते त्याच्या चित्रात नीट नव्हतेच. १९६३ साली पनामातल्या एका इतिहास संस्थेने बांधकामाच्या काळातल्या आठवणी लिहून मागवल्या, तेव्हा या म्हाताऱ्या मजुरांनी पत्रं पाठवली. पावसात भिजलेले कपडे वाळायचेच नाहीत, सकाळी तेच ओले अंगावर चढवायचे. सुरुंग उडायचे, माणसं नाहीशी व्हायची. चीफ इंजिनीयर बदलल्याने यातलं किती बदललं, मला शंका आहे.

पान मिटलं आणि आमच्या टीमची यादी आठवली. अकरा जण असं मी सगळ्यांना सांगतो. पण टेस्टिंगच्या दोघी कॉन्ट्रॅक्टवर आहेत. त्यांचं कार्ड निळं, आमचं पांढरं. त्या धरल्या तर तेरा. बिल्ड फुटला की रात्री नऊपर्यंत त्याच थांबतात, आणि शुक्रवारच्या ट्रेनिंगला त्यांना बोलावलेलं नव्हतं. माझ्या तयारीच्या भाषणातही त्या नव्हत्या.

सोमवारी कॉलच्या आधी त्या दोघींना बसवून विचारलं. एक म्हणाली, "सर, बिल्ड फुटतो ते कोडमुळे नाही. टेस्ट सर्व्हरवर दोन टीम एकाच वेळी डेटा बदलतात. मी तीनदा मेल टाकली होती." मी मेल शोधली. होती. तिन्ही होत्या.

मग कॉलवर एका दमात सांगून टाकलं की तीन आठवडे नवीन काही दाखवणार नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. शेवटी दोन आठवडे मिळाले. वेगळा सर्व्हर मागितलाय, त्याचा फॉर्म तीन सह्यांसाठी फिरतोय. निळ्या कार्डाला रात्रीची कॅब का नाही, अशीही एक मेल मी एचआरला टाकली आहे. अजून उत्तर नाही. उद्या परत टाकतो.